अम्मीची टिंबं

मागच्या महिन्यात दहावीच्या वर्गावर मराठीचा धडा चालला होता. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी नको इतकी शांत बसली होती. वर्गात शिकवणाऱ्याला असली शांतता लगेच कळते. जवळ जाऊन पाहिलं, तर पाठ्यपुस्तकाच्या आत दुसरं पुस्तक. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली जुनी उर्दू कादंबरी, रझिया बट यांची 'बानो'. तिच्या नानीच्या पेटीतून आलेली.

पुस्तक मी काढून घेतलं आणि आईला निरोप पाठवला. त्या दुसऱ्याच दिवशी आल्या. म्हणाल्या, "टीचर, ते पुस्तक आता परत देऊच नका. दोन-तीन वर्षांत हिच्या लग्नाचं बघायचंय. असलं वाचून डोक्यात भलतंसलतं भरलं तर मोठ्यांनी आणलेलं स्थळ हिला पटेल का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. "आठ दिवसांनी बोलू," एवढंच म्हणाले. कारण त्यांची भीती खोटी नव्हती, आणि मला माझी अम्मी आठवत होती.

आमचे अब्बा कुवेतला होते. दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. रत्नागिरीतल्या आपल्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे. रात्री आम्ही भावंडं झोपलो की अम्मी दिव्याखाली कादंबरी घेऊन बसायची. बाजारात एक छोटी लायब्ररी होती. महिन्याची वर्गणी भरायची आणि पुस्तकं बदलून आणायची. नावं आणि मुखपृष्ठं इतकी सारखी, की वाचलेलं पुस्तकच पुन्हा घरी यायचं. म्हणून अम्मीने युक्ती काढली. वाचून झालं की एकविसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेनाने एक टिंब. दुसऱ्या बायकांच्याही खुणा असत: कुणाची चांदणी, कुणाचं आद्याक्षर. मात्र एखादं पुस्तक आवडून मुद्दाम परत आणलं, तर अम्मी दुसरं टिंब द्यायची.

पुढे ती लायब्ररी बंद झाली. मामूंनी दोन पोती पुस्तकं विकत आणली. अम्मीच्या इंतकालनंतर मी ती उघडून बसले आणि टिंबं मोजू लागले.

चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या सर्वांत जास्त, आणि प्रत्येकीत टिंब एकच. काकोडकरांचा जमाना होता तो. त्यांच्या 'नीलांबरी'वरून १९६९ मध्ये 'दो रास्ते' हा राजेश खन्नाचा सिनेमा आला. त्यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. हातात घेतलं की पुस्तक खाली ठेववत नाही, ही त्यांची ताकद. पण शेवट कळला की परत उघडायची गरज राहत नाही. ना. सी. फडक्यांच्या 'दौलत'मध्येही एकच टिंब. रचना रेखीव, भाषा देखणी, पण त्या बंगल्यांत अम्मीला बसायला जागा सापडली नसावी.

कुसुम अभ्यंकरांच्या पुस्तकांत दोन-दोन टिंबं होती. त्या आपल्या रत्नागिरीच्या, इथूनच आमदार म्हणूनही निवडून गेलेल्या. "आपल्या गावची बाई लिहिते," हे अम्मी अभिमानाने सांगायची.

आणि वि. स. खांडेकरांच्या 'अमृतवेल'मध्ये चार टिंबं! खांडेकरांना निव्वळ प्रेमकथा लिहिणारे म्हणणं अन्यायाचं होईल. 'ययाति'साठी त्यांना ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. पण ते आधी शिक्षक होते. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं त्यांनी शिरोड्याच्या शाळेत शिकवलं, आणि शिरोडं तेव्हा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होतं. 'अमृतवेल' १९६७ ची.

चार टिंबांचं कारण मला माझ्याच वाचनातून कळलं. अठराव्या वर्षी 'अमृतवेल' वाचली तेव्हा मी नंदासाठी रडले. तिचा शेखर अपघातात जातो, स्वप्न मोडतं. माझ्या लग्नानंतर वाचली तेव्हा नजर वसुंधरा आणि देवदत्तवर गेली. एका छताखाली राहून दोन माणसं इतकी दूर कशी जातात, याची मला धास्ती वाटली. चाळिशीनंतर वाचली आणि नंदाच्या वडिलांच्या पत्रापाशी थांबले. दुःखात बुडालेल्या लेकीला बाप काय लिहितो, ते आता मी आईच्या डोळ्यांनी वाचत होते. पुस्तक तेच होतं. मी दर वेळी वेगळ्या खोलीत जाऊन बसले होते.

उर्दू पुस्तकं अम्मीची स्वतःची होती, मुंबईहून मागवलेली. ए. आर. खातून यांची 'शमा', इस्मत चुगताईंची 'ज़िद्दी', आणि 'बानो'. सवयीने त्यांतही टिंबं दिलेली. 'ज़िद्दी'वरून १९४८ मध्ये देव आनंदचा सिनेमा निघाला. श्रीमंत घरचा मुलगा आणि त्याच घरात काम करणारी मुलगी, एवढीच गोष्ट. पण घराण्याच्या इज्जतीपायी दोन जीव कसे चिरडले जातात, हे इस्मतआपांनी दाखवलंय. 'बानो' तर फाळणीत होरपळलेल्या मुलीची कहाणी. तिच्यावरून २०१० मध्ये पाकिस्तानी टीव्हीवर 'दास्तान' ही मालिका आली आणि आपल्या लेकीसुनांनी ती मोबाईलवर पाहिली. ज्यांत दोघांच्या प्रेमाभोवती सगळं घर, सगळा जमाना उभा असतो, त्याच कथा परत वाचाव्याशा वाटतात.

उलटंही झालं. काही कादंबऱ्या, ज्या मी कॉलेजात उशीखाली ठेवून वाचल्या होत्या, त्या आता अर्ध्यावर मिटल्या. नायक नायिकेच्या मुस्काटात मारतो आणि ती म्हणते, किती हा जीव लावतो! सतराव्या वर्षी मला ते प्रेम वाटलं होतं. दुसऱ्यांदा वाचलं नसतं तर ती चूक तशीच मनात राहिली असती.

एक सल मात्र सांगते. मला मराठी कादंबरीत पुणे-कोल्हापूर भेटलं, उर्दूत दिल्ली-लाहोर. राजिवड्याची सलमा, जिचा नवरा आखातात आहे आणि जी दोन वर्षं त्याची वाट पाहते, ती या दोन पोत्यांत मला कुठे सापडली नाही. अम्मीने चार चार वेळा दुसऱ्यांची घरं वाचली, स्वतःचं घर कधी वाचलं नाही.

आठ दिवसांनी त्या आई परत आल्या. मी म्हटलं, "निकाहच्या वेळी मुलीची रजामंदी विचारतात. तिच्या होकाराशिवाय निकाह नाही. मग हो म्हणण्याआधी तिला माणूस पारखता यायला नको का? गोष्टी वाचूनही ती पारख येते. तासाला कादंबरी वाचली, ही तिची चूक. त्याची शिक्षा तिला मिळाली आहे. पण पुस्तक मी तिला देत नाही, तुम्हाला देते. आधी तुम्ही वाचा. नाही पटलं तर पेटीत ठेवा. पण लेकीला सांगा, का नाही पटलं."

त्या जरा नाखुशीनेच पुस्तक घेऊन गेल्या.

परवा बसस्टँडवर भेटल्या. मी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "अजून अर्धंच झालंय, टीचर. रात्री सगळं आटोपल्यावर वाचते. ही पोरगी रोज विचारते, कुठपर्यंत आलीस गो अम्मी? आणि मग आम्ही दोघी बोलत बसतो."

तुमच्याही घरात पोटमाळ्यावर, पेटीत अशी पुस्तकं असतील. रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहा. कुणी दुसऱ्यांदा वाचल्याची खूण सापडली, तर मला जरूर कळवा.