काम सरले, तरी वाण राहावा

इंग्लंडातील एखाद्या श्वानप्रदर्शनात बॉर्डर टेरिअर जातीचा कुत्रा परीक्षकापुढे उभा राहिला, म्हणजे दात, डोळे, कान आणि चाल यांची यथाविधी पाहणी झाल्यावर परीक्षक आणखी एक गोष्ट करतो, जी अन्य बहुतेक जातींच्या बाबतीत करण्याची वहिवाट नाही. तो कुत्र्याच्या मागच्या बाजूने वाकतो, खांद्यांच्या लगेच मागे छातीभोवती दोन्ही हातांचा विळखा घालतो, पुढचे पाय भुईपासून किंचित उचलतो, आणि वर अंगठे व खाली बोटांची टोके एकमेकांस भिडतात की नाही हे अजमावून पाहतो. ज्याची छाती अशी दोन हातांत मावत नाही तो कुत्रा कितीही देखणा असला तरी सदोष ठरतो. कारण एवढी रुंद छाती खोकडाच्या बिळातही मावावयाची नाही. वस्तुतः त्या प्रदर्शनातील बहुतेक कुत्र्यांवर जन्मात एकदाही बिळात शिरण्याचा प्रसंग येत नाही. त्यांचे सारे आयुष्य माणसांच्या सहवासात, गालिच्यावर आणि बागेत जाते. असे असता ते माप अद्याप का घ्यावे, आणि ज्यांचे मूळ काम जवळजवळ संपुष्टात आले आहे अशा कुत्र्यांची पैदास केवळ सोबतीसाठी का चालू ठेवावी, असा सवाल प्राण्यांविषयी कळकळ असणारी माणसेच करू लागली आहेत. सवाल रास्त आहे. माझे उत्तर असे की, पैदास अवश्य चालू राहावी, परंतु ती त्या मापासकट चालू राहावी.

टेरिअरचे काम काय होते हे नीट ध्यानात घेतल्यावाचून या उत्तराचा अर्थ उलगडणार नाही. शिकारी कुत्र्यांचा जथा खोकडाच्या मागे लागला आणि खोकड बिळात दडले, म्हणजे मोठे कुत्रे निरुपयोगी ठरत. तेथून पुढचे काम सात-आठ शेर वजनाच्या या लहान जिवाकडे येई. तो एकटा त्या काळोख्या, अरुंद, कधी चिखलाने भरलेल्या बोगद्यात शिरे; तेथे वळावयास जागा नसे, धन्याचा हात पोचत नसे, आणि त्याची हाकही धड ऐकू येत नसे. पुढे सरकावे की थांबावे, कोणत्या फाट्याने जावे, हा निर्णय त्याचा त्यालाच करावा लागे. शिवाय खोकडाच्या समोर जाऊन भिडणे ही त्याच्या कामाची परिसीमा नव्हे. अंतर राखून, जागचे न हलता, अखंड भुंकत राहणे हे खरे काम, म्हणजे वर फावडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांना नेमके कोठे खणावे याचा अंदाज येई. जो कुत्रा अविचाराने तुटून पडे तो रक्तबंबाळ होऊन बाहेर येई, आणि तोंड शत्रूत गुंतल्यामुळे त्याचा आवाजही बंद पडे. म्हणून जाणते शिकारी शौर्याइतकीच संयमाचीही पारख करीत. वरचे राठ केस आणि आतली दाट मऊ लव, ओलीपासून व दातांपासून रक्षण करणारी जाड, सैल कातडी, आणि बुडाशी भक्कम असलेले आखूड शेपूट, ज्याला धरून अडकलेला कुत्रा मागे ओढून काढता येतो, ही सर्व अंगे त्या बोगद्याने घडविलेली आहेत. त्यात शोभेसाठी म्हणून काहीही नाही.

या कलेचा सर्वांत प्रसिद्ध जाणकार म्हणजे डेव्हन परगण्यातील पाद्री जॉन रसेल. ऑक्सफर्डला विद्यार्थिदशेत असताना, १८१९ च्या सुमारास, त्याने एका गवळ्याकडून ट्रम्प नावाची पांढरी कुत्री विकत घेतली. तिच्या डोळ्यांवर, कानांवर आणि शेपटाच्या मुळाशी तेवढे गडद डाग होते. तिच्या वंशापासून जी टेरिअरांची परंपरा चालली तिला आज त्याचे नाव लाभले आहे. १८७३ साली स्थापन झालेल्या इंग्लंडच्या केनेल क्लबच्या आद्य सभासदांत रसेल होता आणि पुढच्याच वर्षी क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात त्याने फॉक्स टेरिअरांचे परीक्षणही केले. तथापि स्वतःचे कामाचे कुत्रे त्याने प्रदर्शनात उभे केले नाहीत. प्रदर्शनाची संस्था उभारणाऱ्या माणसाने आपले कुत्रे तिच्यापासून दूर ठेवावेत, या गोष्टीत मला फार मोठे शहाणपण दिसते.

सर्वच टेरिअर जहागीरदारांच्या शिकारखान्यात जन्मले असे मात्र नव्हे. नॉर्थंबरलंडच्या कोळसा खाणींतील मजुरांनी बेडलिंग्टन जोपासला, आणि यॉर्कशरच्या कापडगिरण्यांत स्कॉटलंडहून पोटासाठी आलेल्या विणकरांनी उंदीर मारण्याकरिता जे लहान कुत्रे आणले त्यांतून यॉर्कशर टेरिअर निपजला. त्या जातीचा मूळपुरुष मानला जाणारा हडर्सफील्ड बेन हा कुत्रा १८६५ साली जन्मला आणि अवघ्या सहा वर्षांचे आयुष्य त्याला लाभले. तेवढ्यात त्याने प्रदर्शनांत बक्षिसे मिळविली आणि उंदीर मारण्याच्या शर्यतींतही नाव कमावले. आज फीत बांधून मांडीवर बसविला जाणारा रेशमी केसांचा जीव हा त्या गिरणीतल्या शिपायाचा वारस आहे. महाराष्ट्रातील ज्या घरांत नाट्यसंगीताच्या तबकड्या वाजल्या त्या घरांनाही टेरिअर अपरिचित नाही: ग्रामोफोनच्या कर्ण्यापुढे मान तिरकी करून बसलेला निपर संमिश्र रक्ताचा असला तरी टेरिअरच्याच वळणाचा होता. १८९५ साली तो वारला. फ्रान्सिस बरॉड या चित्रकाराने त्याच्या आठवणीवरून काढलेले चित्र ग्रामोफोन कंपनीने १८९९ साली विकत घेतले, आणि तो कुत्रा जगभर पोचला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बिळातील कामाने जो स्वभाव घडला तोच घरात माणसाला हवासा वाटतो, आणि या पैदाशीचे खरे समर्थन त्यातच आहे. ज्याला धन्याच्या हुकुमाखेरीज पाऊल उचलू न शकणारा कुत्रा हवा असेल त्याने मेंढपाळी जातींकडे वळावे. टेरिअर हा स्वतःच्या अकलेने निर्णय घेण्यासाठी घडविलेला असल्यामुळे त्याची माणसाशी असलेली मैत्री चाकराची नसते, बरोबरीच्या सोबत्याची असते. तो ऐकतो, पण आधी विचार करून ऐकतो. लहान घरात मावेल एवढे शरीर, दिवसभर न थकणारा दम, दुखणे सोसण्याची ताकद, आणि प्रत्येक सकाळ ही काहीतरी घडणार अशाच उमेदीने सुरू करण्याची वृत्ती, हे गुण एकत्र आणावयास शेकडो पिढ्यांची निवड लागली. काम थांबले म्हणून हा ठेवा फेकून देणे मला उधळपट्टी वाटते.

यावर एक आक्षेप शास्त्राच्या आधाराने घेतला जातो. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकन संशोधकांनी १८,००० हून अधिक कुत्र्यांविषयी मालकांनी पुरविलेली माहिती आणि त्यांपैकी २,००० हून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यानुसार एका कुत्र्याच्या वर्तनात आणि दुसऱ्याच्या वर्तनात जो फरक आढळतो त्यापैकी सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता येतो. निष्कर्ष मला मान्य आहे. परंतु त्यातून जातिवंत पैदास व्यर्थ ठरत नाही. जातीचे नाव हे पिल्लाच्या स्वभावाचे हमीपत्र नव्हे एवढेच ठरते. मग नावावर न जाता प्रत्यक्ष आईबापांची पारख करावी, ही रसेलचीच रीत पुन्हा सिद्ध होते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. अमेरिकेत १९९३ पासून चाललेल्या ‘फ्रेझिअर’ या दूरचित्रवाणी मालिकेत एडी नावाचा जॅक रसेल टेरिअर घराघरांत लाडका झाला. त्याचे काम करणारा मूस हा कुत्रा त्याच्या पहिल्या मालकांना आवरेना म्हणून दुसऱ्याच्या हाती सोपविण्यात आला होता, ही हकिगत मात्र प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. पडद्यावरचा शहाणा कुत्रा पाहून ज्यांनी पिल्ले घेतली, त्यांना घरी मिळाला तो बाग खणणारा, चपला कुरतडणारा, मांजरामागे धावणारा शिकारी, आणि त्यांतील कित्येकांची रवानगी आश्रयगृहांत झाली. हा अन्याय त्या कुत्र्यांवर झाला याबद्दल दुमत नाही. पण दोष टेरिअर जन्मास घालण्याचा नसून, त्याला टेरिअर न मानता विकण्याचा आहे.

त्याहून मोठा दोष प्रदर्शनाच्या आणि बाजाराच्या पायी जातीच बदलून टाकण्याचा. वेल्समधील सीलीहॅम टेरिअर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅप्टन जॉन एडवर्ड्स याने कठोर कसोट्या लावून घडविला. विसाव्या शतकात तो अमाप लोकप्रिय झाला, आल्फ्रेड हिचकॉकनेही तो पाळला. पण प्रदर्शनाच्या आवडीने त्याचे अंग जड आणि केस लांब होत गेले. सर जोसलिन लुकस यांना तर हा फुगवटा इतका खटकला की, १९४० च्या दशकात त्यांनी आपल्या सीलीहॅमांचा संकर लहान चणीच्या नॉर्फोक टेरिअरांशी करून निराळा वाणच काढला. आज सीलीहॅमचे नाव केनेल क्लबच्या दप्तरात संकटग्रस्त देशी जातींच्या यादीत आहे, म्हणजे वर्षाला ३०० पिल्लांचीही नोंद होत नाही. नॉर्विच टेरिअरला श्वासमार्गाचे विकार जडले आहेत, आणि अनेक टेरिअर जातींत डोळ्यातील भिंग निखळून अंधत्व आणणारा आनुवंशिक रोग आढळतो. या रोगाची जनुकीय चाचणी उपलब्ध असताना ती न करता कुत्री विणीस घालणाऱ्या पैदासकाराचे मला कोणतेही समर्थन करता येत नाही.

बिळातली शिकार पुन्हा सुरू करावी असे सुचविण्याचा माझा हेतू नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००५ साली अंमलात आलेल्या शिकार कायद्याने बिळात टेरिअर सोडण्यास, बंदुकीने शिकार करण्यासाठी राखलेल्या पक्ष्यांच्या रक्षणापुरती आणि जमीनमालकाच्या लेखी परवानगीने एकच कुत्रा वापरण्याची मुभा ठेवून, बंदी घातली आहे; दोन मुक्या प्राण्यांना जमिनीखाली झुंजविण्यात काही पुरुषार्थ आहे असे मला वाटत नसल्यामुळे ती बंदी मला योग्यच वाटते. परंतु शेतावरचे उंदीर मारण्यास त्याच कायद्याने मोकळीक दिली आहे, आणि ते काम टेरिअर आजही मनापासून करतो. अमेरिकन केनेल क्लबने तर याहून निरुपद्रवी तोड काढली आहे. जमिनीत नऊ इंच रुंद आणि तितकाच उंच असा लाकडी बोगदा पुरतात. वरच्या इयत्तेच्या चाचणीत तो तीस फूट लांब असून त्याला तीन काटकोनी वळणे असतात, आणि शेवटी मजबूत पिंजऱ्यात उंदीर सुरक्षित ठेवलेले असतात. कुत्रा वास घेत आत शिरतो, पिंजऱ्यापाशी पोचतो, आणि ठराविक सेकंद भुंकत, उकरत त्यांच्यावर लक्ष खिळवून ठेवतो. कोणालाही ओरखडा उमटत नाही. ज्याने पूर्वी कधीही बीळ पाहिलेले नाही असा घरात वाढलेला कुत्राही पुष्कळदा पहिल्याच दिवशी काळोखात निर्धास्त शिरतो. सोबतीसाठी पैदास करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या आईबाप कुत्र्यांना या परीक्षेस एकदा तरी बसवावे अशी माझी सूचना आहे.

हा विचार आपल्या शहरांनाही लागू आहे, कारण पुण्या-मुंबईच्या सदनिकांतही आता जॅक रसेल दिसू लागले आहेत. व्यापारी पैदाशीसाठी परदेशातून कुत्रे आणण्यावर केंद्र सरकारने २०१६ साली निर्बंध घातले आणि २०१७ च्या नियमांनी पैदासकाराला राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यासही मनाई आहे. विकत घेणाऱ्याने नोंदणीचा दाखला मागावा, आईबापांच्या डोळ्यांच्या चाचणीचा कागद मागावा, आणि आई डोळ्यांसमोर आणावयास सांगावे. पण त्याहून अधिक, विकणारा आपल्याला काय विचारतो याकडे त्याने लक्ष द्यावे. घरी किती माणसे आहेत, दिवसातून किती वेळ फिरवाल, उकरावयास त्याला माती कोठे मिळेल, मांजर आहे काय, असे जो खोदून विचारतो आणि उत्तरे समाधानकारक न वाटल्यास पैसे परत करून पिल्लू देण्यास नकार देतो, तोच या जातीला ओळखतो. घराची व्यवस्था बदलल्यावर पुन्हा त्याच्याचकडे जावे.