आवाज मोठा नको, स्वच्छ हवा

घरातल्या वडीलधाऱ्यांना ऐकू कमी येऊ लागलं की आपण पहिलं काम करतो ते टीव्हीचा आवाज वाढवण्याचं. बहुतेक वेळा त्याचा उपयोग होत नाही. वयाबरोबर सगळे आवाज सारखे मंद होत नाहीत, आधी बारीक, तीव्र आवाज जातात. ‘स’चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो. आवाज वाढवला की आकार-ओकार दणाणतात, ‘स’ मात्र त्यांच्याखाली दबून जातो. मग म्हातारं माणूस म्हणतं, “ओरडू नका, नीट बोला.” ते अगदी खरं बोलत असतं.

आमच्या अब्बांनी दिवेआगरात मोहल्ल्यातल्या मुलांना वर्षानुवर्षं नाजिरा शिकवला. उर्दू बोलताना से, सीन, स्वाद आपण एकसारखेच म्हणतो. तिलावतीत ते वेगळे काढावे लागतात. गेल्या पावसाळ्यानंतर अब्बांनी शिकवणं बंद केलं. म्हणाले, “पोरगं चुकलं तर मला कळत नाही. मग बसून काय करू?” कान तपासायला मात्र तयार होईनात. टीव्ही नवा, चपटा. त्याचे स्पीकर बोटभर आणि तोंड खाली. त्यावर लावलेली तिलावत आम्हालाही स्वच्छ ऐकू येत नव्हती. म्हणून आम्ही घरीच स्पीकरची जोडी बांधायचं ठरवलं.

मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे भडकमकर मार्गावरून, साडेसहा इंची दोन वूफर आणि एक इंची दोन ट्वीटर आणले, सगळे ८ ओहमचे. दुकानदार वॅट सांगत होता. वॅटवर जाऊ नये. घरातल्या खोलीला २० वॅटचा अँप्लिफायर पुष्कळ होतो.

पेटी कशाला लागते, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. उघड्या स्पीकरच्या या दोन लाटा कडेने वळून एकमेकींना खाऊन टाकतात, विशेषतः खर्जात. पेटी मागची लाट कोंडून ठेवते. राईस आणि केलॉग यांनी आजच्या धर्तीचा स्पीकर १९२५ साली मांडला. कोंडलेली हवा पडद्याला स्प्रिंगसारखी वापरता येते हे एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये दाखवलं, आणि तेव्हापासून लहान पेटीतूनही भरीव आवाज मिळू लागला.

आम्ही बंद पेटीच घेतली. आतून २० सेंमी रुंद, ३४ उंच, २० खोल, म्हणजे साडेतेरा लिटरच्या आसपास. एमडीएफ स्वस्त पडतं, पण आपल्या खाऱ्या, दमट हवेत ते फुगतं. १८ मिमीचं मरीन प्लाय घेतलं, स्क्रू पितळी. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आमचा फणस पडला होता, त्याच्या फळ्या माळ्यावर होत्या. अब्बांचा आग्रह की पेटी त्याचीच करा. सुताराने समजावलं की भरीव लाकूड ऋतुमानाप्रमाणे आडवं फुगतं-आटतं, सांधे उघडतात. फणसाचे मग स्टँड केले. पिवळेधमक दिसतात.

सांध्यांना फेविकॉल, आतून सिलिकॉन. आत उशीतला पॉलिएस्टर भरला. कापूस नको, तो ओल धरतो. पेटी बंद झाल्यावर वूफरचा पडदा बोटांनी हलकेच आत दाबावा. सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे, झटकन आला तर कुठेतरी फट आहे. आमच्या एका पेटीची फट तारेच्या भोकापाशी निघाली.

ट्वीटरला खर्ज झेपत नाही म्हणून त्याच्या वाटेत ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, बिनध्रुवी. ८ ओहमला तो साधारण ४२०० हर्ट्झच्या खालचं हळूहळू अडवतो. वूफरच्या वाटेत ०.३ मिलिहेन्रीचं कॉइल, ते वरचं अडवतं. नववी-दहावीच्या मुलाला जमेल एवढंच हे काम आहे. फक्त जोडताना अँप्लिफायर बंद हवा. अधिक-उणे तपासायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर वूफरला लावावा. बरोबर असेल तर पडदा बाहेर येतो. एका पेटीत उलटं झालं तर दोन्ही मिळून खर्ज नाहीसा करतात, आणि माणूस उगाच दुकानदाराला बोल लावतो.

अब्बांसाठी सगळ्यात महत्त्वाची ठरली ती जागा. मोकळ्यावर अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत थोडा कमी. म्हणून पेट्या भिंतीला न टेकवता खुर्चीपासून दीड मीटरवर ठेवल्या, ट्वीटर कानाच्या उंचीला. घरात बाकी कुणाला त्रास नाही. सूरह लुकमानमध्ये आवाज खाली ठेवण्याची जी नसीहत आहे, ती आपण लाउडस्पीकरलाही लावायला हरकत नसावी!

पहिल्यांदा लावली ती कारी महमूद खलील अल-हुसरी यांची तिलावत. संपूर्ण कुरआन ध्वनिमुद्रित करण्याचा पहिला मान त्यांचा, १९६१ चा. वाचन संथ, प्रत्येक हरफ सुटा. अब्बा मगरिबनंतर बसले ते ईशाच्या अजानपर्यंत. सीन आता कळतो, म्हणाले. स्वादही. “से मात्र फे वाटतो.”

हा दोष पेटीचा नव्हता. आम्हाला से स्वच्छ ऐकू येत होता, नातीलाही. तीच म्हणाली, “दादा, मला येतंय, तुम्हाला नाही.” स्पीकर गेलेला कान परत आणत नाही, कुठवर गेलाय ते ऑडिओमेट्रीत, पडदे वाजवून नव्हे, कळतं. अब्बा थोडा वेळ गप्प राहिले, मग विचारलं, तपासणीला उपाशी जावं लागतं का? नाही म्हटलं. माणगावला जायचं ठरलंय, सोमवारी, पहिल्या एसटीने.