मनगटावर बांधलेले नाव

घड्याळ कशासाठी असते, असे शाळेतल्या मुलाला विचारले तर तो चटकन सांगेल, "वेळ बघण्यासाठी!" उत्तर बरोबर आहे. मग एक घड्याळ तीनशे रुपयांना आणि दुसरे आठ लाखांना का? आठ लाखांचे घड्याळ वेळ अधिक अचूक दाखवते काय? गंमत अशी की, बहुधा नाही.

सेलवर चालणाऱ्या घड्याळात क्वार्ट्झ नावाच्या स्फटिकाचा बारीक तुकडा असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावर वेळ मोजली जाते. असे साधे घड्याळ महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंद मागेपुढे होते. उलट स्प्रिंगवर चालणाऱ्या भारी स्विस घड्याळाला अचूकतेचे प्रमाणपत्र देताना दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी सूट असते. म्हणजे स्वस्त घड्याळ महिन्यात जेवढे चुकते, तेवढे महागडे घड्याळ चार दिवसांत चुकले तरी ते उत्तमच ठरते!

सेलवरचे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ जपानच्या सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी विक्रीस आणले. पुढे ही घड्याळे स्वस्त होत गेली आणि स्वित्झर्लंडचे कारखाने धडाधड बंद पडले. १९७० च्या सुमारास तेथे या धंद्यात नव्वद हजारांच्या आसपास कामगार होते. पंधरा-सोळा वर्षांत तीसेक हजार उरले. गिरणगावाचे हाल पाहिलेल्या वाचकांना यातले दुःख वेगळे सांगायला नको.

अचूकतेत हरलेला हा धंदा मग पुन्हा कसा उभा राहिला? त्यांनी वेळ विकणे सोडले आणि नाव विकणे सुरू केले. कारागिरी तर होतीच. पण कारागिरीवर चढवलेली गोष्ट अधिक महाग निघाली.

ही युक्ती जुनीच होती. रोलेक्स कंपनीचा संस्थापक हान्स विल्सडॉर्फ हा लहानपणीच आईबापाविना पोरका झालेला जर्मन मुलगा. त्याने १९०५ मध्ये लंडनला धंदा मांडला आणि १९०८ मध्ये 'रोलेक्स' हे नाव घेतले. छोटे, तबकडीवर मावणारे, कोणत्याही भाषेत सहज उच्चारता येणारे. १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ या इंग्रज तरुणीने इंग्लिश खाडी पोहून पार केली. लोकांनी शंका घेतली, म्हणून ती त्याच महिन्यात पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी विल्सडॉर्फने तिच्या गळ्यात आपले घड्याळ दिले. थंडीमुळे तिला पलीकडे पोहोचता आले नाही, पण दहा तासांहून अधिक काळ पाण्यात राहूनही घड्याळ चालू होते. लगेच लंडनच्या 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात झळकली. तेव्हापासून ते घड्याळ घेणारा नुसते घड्याळ घेत नाही. त्या मुलीच्या जिद्दीचा एक तुकडाही तो विकत घेतो.

याच विल्सडॉर्फने 'ट्यूडर' नावाचे स्वस्त घड्याळही काढले. बाहेरची पेटी रोलेक्सची, आतले यंत्र दुसऱ्या कारखान्याचे. बनावट भक्कम. तरीही रोलेक्सवाल्याला जी ऐट वाटे, ती ट्यूडरवाल्याला वाटत नसे. फरक यंत्राचा होताच, पण त्याहून मोठा होता तबकडीवरच्या अक्षरांचा.

अलीकडचे उदाहरण घ्या. ओमेगाचे घड्याळ १९६९ मध्ये अंतराळवीरांबरोबर चंद्रावर गेले होते. त्याची किंमत हजारो डॉलर. मार्च २०२२ मध्ये ओमेगा आणि स्वॉच यांनी मिळून त्याच रूपाचे, सेलवर चालणारे घड्याळ २६० डॉलरला काढले. जगभर दुकानांसमोर एवढी झुंबड उडाली की लंडनमध्ये दुकान बंद करावे लागले. तेवढ्या पैशांत सेलवरची दुसरी चांगली घड्याळे मिळत नव्हती काय? मिळत होती. पण त्यांच्यावर ओमेगाचे नाव नव्हते.

कोणी म्हणेल, हा सगळा मनाचा खेळ. होय, पण तो खेळ खोटा नाही. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे शास्त्रज्ञांनी शीतपेयांचा एक प्रयोग केला. तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन पेल्यांत कोकाकोलाच ओतला. एकावर नाव होते. दुसऱ्यात कोक असेल किंवा पेप्सी, एवढेच पिणाऱ्यांना सांगितले होते. लोकांना नावाचा पेला अधिक आवडला. त्या वेळी मेंदूतला आठवणींशी निगडित भागही जागा झालेला दिसला. म्हणजे नाव ऐकून येणारी गोडी ढोंग नसते. ती खरोखरच लागते. फक्त ती पेल्यातून येत नाही, आठवणीतून येते.

ही गोडी उलटही फिरते. चाळ रिकामी करायला लावणाऱ्या बिल्डरच्या मनगटावर ज्याने ते सोन्याचे घड्याळ पाहिले असेल, त्याला ते फुकट दिले तरी हाताला बोचेल. घड्याळ तेच, आठवण वेगळी.

आणि आठवण काय फक्त श्रीमंतांचीच असते? सरकारी एचएमटी कंपनीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ पासून बंगळूरला घड्याळे बनवली. 'जनता' हे त्यांचे साधे, किल्लीचे घड्याळ. कुणी पहिल्या पगारातून घेतले, कुणाला लग्नात मिळाले, कुणाला निवृत्तीच्या दिवशी साहेबांच्या हस्ते. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आज शौकीन लोक हीच जुनी घड्याळे शोधत फिरतात. ज्या घरात वडिलांचे असे घड्याळ पत्र्याच्या पेटीत पडले आहे, त्या घरात एक मोठे 'ब्रँड' आहे. ते जाहिरातीने घडवलेले नाही. पहाटेच्या पाळीला वेळेवर गेलेल्या माणसाने ते घडवले आहे.

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. ऐपत असेल त्याने हौस जरूर करावी, त्यात पाप काहीच नाही. पण कर्जाच्या हप्त्यावर, बहिणीच्या फीचे पैसे मोडून किंवा लग्नात मुलीच्या बापाला अमुकच कंपनीचे घड्याळ मागून केलेली हौस ही हौस नव्हे. ती दुसऱ्याच्या डोळ्यांची चाकरी. आणि फुटपाथवरच्या 'फर्स्ट कॉपी'चे तर विचारूच नका. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! तिचा आनंद कुणी जवळून पाहीपर्यंतच टिकतो. मग बाही खाली ओढावी लागते.

तेव्हा माता-पित्यांनो, मुलगा महागड्या घड्याळाचा हट्ट धरील तेव्हा एकदम खेकसू नका. त्याला जवळ बसवा आणि विचारा, "बाळा, तुला वेळ हवी आहे, घड्याळ हवे आहे, की चारचौघांत मान हवा आहे?" मान हवा असेल तर त्याची ती भूक खरी आहे, हे ओळखा. पण ती घड्याळाने भागते का, यावर त्याच्याशी बोला. मग पेटीतले आजोबांचे घड्याळ काढा, दुरुस्त करून नवा पट्टा लावा आणि ते कोणत्या पगारातून आले, कोणाकोणाच्या हाती फिरले, हे त्याला सांगा. ते घड्याळ दिवसाला मिनिटभर मागे पडले तरी बिघडत नाही. वेळ तो मोबाईलमध्ये पाहीलच.