घर घेण्यापूर्वी उन्हाचा हिशेब

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण ज्या काळी रूढ झाली, त्या काळी गृहस्थ स्वतः उभा राहून घर बांधून घेत असे. ओटा कोणीकडे असावा, माजघर कोठे असावे, कोणत्या भिंतीस खिडकी नसावी, हे तो घरातील वडीलधाऱ्यांस विचारून ठरवी. आणि त्यांस ते ठाऊक असे, कारण त्या गावचे ऊनवारे त्यांनी जन्मभर सोसलेले असत. आज आपण बहुधा घर बांधीत नाही, विकत घेतो. दुसऱ्याने आखलेले, दुसऱ्याने उभारलेले घर आपण अर्ध्या तासात पाहतो आणि जन्माची पुंजी त्यात घालतो. तेव्हा जे ज्ञान पूर्वी बांधणाऱ्यापाशी असे, ते आता घेणाऱ्यापाशी असले पाहिजे.

घर पाहावयास जाण्याची आपली रीतही विलक्षण आहे. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास, हवा सुखाची असता, घरातील कर्ते पुरुष जातात, फरशी व स्वयंपाकाचा ओटा पाहतात, भाव करतात आणि परत येतात. परंतु वैशाखातील दुपारी तीन वाजता त्या घरात कोण असावयाचे? कर्ते पुरुष कचेरीत असतात. घरात असतात आजी-आजोबा, सुटी लागलेली मुले, एखादी बाळंतीण आणि ह्या सर्वांचे करणारी गृहिणी. म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की घर दुपारी तीन-चारच्या सुमारास पाहावे, पुन्हा एकदा रात्री नऊनंतर पाहावे, आणि पाहावयास जाताना घरातील स्त्रियांस व वृद्धांस बरोबर न्यावे. रात्री जाण्याचे कारण असे की, विटांची वा काँक्रीटची भिंत दिवसभर ऊन पिते आणि काही तासांनी ती उष्णता आत सोडू लागते. पश्चिमेकडील भिंतीस रात्री हात लावून पाहावा. विकणारा जे सांगत नाही ते भिंत सांगते.

हिवाळ्यात घर घ्यावयाचे झाल्यास उन्हाची परीक्षा कशी करावी? त्यास दिशांचे ज्ञान पुरे आहे. आपल्या महाराष्ट्रात मे महिन्यात सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे उन्हाळ्यात सर्वांत अधिक ताप छपरास होतो, त्याखालोखाल पूर्व व पश्चिम भिंतींस. दक्षिणेची भिंत उन्हाळ्यात त्या मानाने सुटते. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने त्या बाजूचे कोवळे ऊन घरात येते, व ते हवेसेच असते. पूर्वेचे ऊन सकाळी येते, तेव्हा हवा थंड असते. पश्चिमेचे येते तेव्हा हवा आधीच तापलेली असते. म्हणून सर्वांत दुःसह खोली पश्चिमेची. आपल्याकडे वास्तुशास्त्राच्या दिशा काळजीने पाहतात; त्याच काळजीने सूर्याच्याही दिशा पाहाव्यात, इतकेच आमचे म्हणणे.

वरचा मजला घेताना विशेष सावध राहावे. जुन्या वाड्यांत खोली व छप्पर ह्यांच्यामध्ये माळा असे. देशावर मातीचे जाड माळवद असे. कोकणात कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई. आजच्या गच्चीत व आपल्या डोक्यात केवळ काही इंचांचा स्लॅब असतो. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला आहे काय, पांढऱ्या चिनीमातीच्या फरशीचे तुकडे बसविले आहेत काय, निदान चुन्याचा वा उष्णता परतविणाऱ्या रंगाचा पांढरा हात दिला आहे काय, हे गच्चीवर चढून स्वतः पाहावे. नसल्यास ते पुढे करता येईल काय, हेही विचारून घ्यावे. कारण गच्ची बहुधा सोसायटीच्या समाईक मालकीची असते व तेथे परवानगीवाचून काही करता येत नाही.

आता वाऱ्याचा विचार. एकाच भिंतीस दोन खिडक्या असून उपयोग थोडा. वारा आत येण्यास एक वाट व बाहेर जाण्यास समोरची दुसरी वाट हवी. ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली राहत्या घरांसाठी ‘इको-निवास संहिता’ प्रसिद्ध केली, तीत मुंबईसारख्या दमट उष्ण प्रदेशात खिडक्यादारांचा उघडणारा भाग जमिनीच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक-षष्ठांश असावा असे प्रमाण दिले आहे. येथे ‘उघडणारा’ हा शब्द महत्त्वाचा. हल्लीच्या दोन पाखी सरकत्या खिडकीचा अर्धाच भाग उघडतो. म्हणजे मोठी दिसणारी खिडकी वाऱ्याच्या हिशेबी निम्मीच धरावी. शिवाय तीवर छज्जा आहे की नाही तेही पाहावे. छज्ज्यावाचून पश्चिमेस लावलेली मोठी काच शोभेस चांगली, परंतु तिच्यातून आत आलेले ऊन पडदा लावूनही परत जात नाही.

एवढे पाहिल्यावर मग यंत्रांकडे वळावे. नागपूर-अकोल्याकडे हवा कोरडी, म्हणून तेथे कूलर उत्तम चालतो. पूर्वीच्या वाळ्याच्या ताट्यांचे तत्त्वही हेच. पाणी हवेत मुरताना उष्णता शोषून घेते व हवा गार होते. मात्र कूलरला बाहेरची हवा हवी व आतली बाहेर जाण्यास वाट हवी. खिडकीबाहेर तो ठेवण्यास जागा व पाण्याची सोय आहे काय, ते पाहावे. मुंबई व कोकण येथे हवा आधीच ओलसर असल्यामुळे कूलर खोली गार करीत नाही, केवळ दमट करतो.

वातानुकूलन यंत्र, ज्यास घरोघर एसी म्हणतात, त्याचा ‘टन’ हा वजनाचा नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळण्यास जितकी उष्णता लागते, तितकी उष्णता काढून टाकण्याची ती शक्ती होय. विजेच्या परिमाणात ती सुमारे साडेतीन किलोवॅट भरते. जुन्या घराबरोबर यंत्रेही मिळत असतील तर ती फुकट मिळाली असे समजू नये. पाटीवरील सन पाहावा; ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत असल्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आजचे पाच तारे नव्हेत. पाटीवर ‘आर-२२’ असे वायूचे नाव असल्यास ते यंत्र जुन्या पिढीचे समजावे; ओझोनच्या थरास अपाय करणारा म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये तो वायू हळूहळू बंद केला जात आहे. यंत्र निदान अर्धा तास चालवून पाहावे. पाण्याची नळी कोठे सोडली आहे, बाहेरचे यंत्र मोकळ्या हवेत आहे की कोंदट जागी, आणि दुरुस्तीस येणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात न घालता तेथे हात पोहोचतो काय, हे तपासावे.

विजेचा प्रश्न ह्याहूनही निकडीचा. वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो. तीन एसी व दोन गीझर एका वेळी चालले तर तो पुरेल काय? प्रत्येक यंत्रास स्वतंत्र तार आहे काय, अर्थिंग नीट आहे काय, हे जाणत्या वायरमनकडून पाहून घ्यावे. त्याची मजुरी हा घरखरेदीतील सर्वांत स्वस्त खर्च ठरेल. विकणाऱ्याकडून मागील वर्षाची बिले मागावीत आणि डिसेंबरचे बिल मे महिन्याच्या बिलाशेजारी ठेवावे. ह्या दोहोंतील अंतरच उन्हाची किंमत सांगते. एक एसी तासास एक युनिट घेतो असे धरले, तर रोज आठ तासांप्रमाणे नव्वद दिवसांत ७२० युनिटे होतात. तीन खोल्यांची २१६० होतात. वापर वाढतो तसा युनिटाचा दरही चढतो, हे निराळेच.

ऊब म्हणजे आपल्याकडे मुख्यत्वे स्नानाचे ऊन पाणी. गच्चीवर सूर्यबंब असल्यास त्याचे पाणी नेमके आपल्या नळास येते काय व किती वाजेपर्यंत येते, हे शेजाऱ्यांस विचारावे. न्हाणीघरात गॅसचा गीझर बसविलेला दिसला तर मात्र तो तेथून काढण्याची अट आधी घालावी. बंद न्हाणीघरात गॅस जळू लागला म्हणजे प्राणवायू कमी पडतो व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही. आतील माणसास हाक मारण्याचेही भान उरत नाही. थंडीत खिडकी लावून स्नान करणाऱ्या अनेकांचे प्राण अशा रीतीने गेले आहेत.

शेवटी खोल्यांच्या वाटणीविषयी. ज्या खोलीस कोणी मागणी करीत नाही, ती पुष्कळ कुटुंबांत आजी-आजोबांच्या वाट्यास येते, कारण ते तक्रार करीत नाहीत. परंतु उतारवयात घाम कमी येतो, तहान लवकर कळत नाही, आणि उष्माघातात शरीराचा ताप चाळीस अंशांपलीकडे गेला म्हणजे काही घटकांत जिवावर बेतते. तस्मात् नकाशा हाती येताच पश्चिमेच्या खोलीवर खूण करावी, व ती दुपारी रिकामी राहणाऱ्यांस, म्हणजे कचेरीत जाणाऱ्यांस द्यावी. अशी वाटणी ज्या घरात जमत नसेल, ते घर कितीही सुंदर असले तरी आपल्या कुटुंबाचे नव्हे, असे समजून दुसरे पाहावे.

पुढील अंकी ह्याच सदरात घराच्या पाण्याचा विचार करू.