आम्ही गप्प का बसलो?

'हॉटेल' या शब्दाचा आमच्या घरात आजवर एकच अर्थ होता : एस. टी. स्टँडसमोरचे, बाकडी टाकलेले, चहा-भजी मिळणारे दुकान. त्यामुळे चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या थोरल्या दादाने दिवाळीच्या बोनसमधून महाबळेश्वरच्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये दोन रात्रींसाठी खोल्या घेतल्या, तेव्हा आमच्या आळीत ती बातमीच झाली. आमचा माण तालुका आणि महाबळेश्वर एकाच सातारा जिल्ह्यात. आमच्याकडे पावसाची वाट पाहण्यात माणसे म्हातारी होतात. तिकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. परंतु पन्नाशी उलटली तरी आई-आबांनी महाबळेश्वर पाहिलेले नव्हते.

दादाच्या मोबाईलवरील चित्रात खोलीच्या खिडकीतून हिरवीगार दरी दिसत होती. प्रत्यक्षात खिडकी उघडली, तर समोर भिंत आणि भिंतीखाली धडधडणारे जनरेटर! चादरीवर डाग होते. गरम पाणी सांगितलेल्या वेळेलाही आले नाही. दादा मला म्हणाला, "तू बोल जा खाली. कालिजात हाईस न्हवं?"

मी गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी माझ्या चपलांकडे पाहिले आणि इंग्रजीत काहीतरी भरभर सांगितले. दरीकडच्या खोल्यांचा दर वेगळा, एवढे मला कळले. 'मग चित्र त्या खोलीचे का दाखवलेत?' हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. तो मराठीत विचारायलाही हरकत नव्हती. पण मी "ओके" म्हणाले आणि परत फिरले. कला शाखेच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोहोचलेली, घरातील पहिली कॉलेजकन्या एवढाच शब्द बोलू शकली! आई म्हणाली, "आसू दे गं. दोन दिसासाठी आलोय, भांडत बसू नगा."

सकाळी नाश्त्याच्या दालनात कोणती ताटली कुठून घ्यायची हे आम्हांला समजेना. आबा भिंतीकडेला उभेच राहिले. तेव्हा वाढणाऱ्या मुलांपैकी एक, माझ्याच वयाचा, जावळीकडचा, आईजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशी, बसा तुम्ही, मी आणतो." आमच्या त्या दोन दिवसांतले खरे आदरातिथ्य तेवढेच. निघताना बिलात दहा टक्के 'सर्व्हिस चार्ज' लावलेला होता. त्या मुलाला विचारले, तर तो हसून म्हणाला, "आमच्यापर्यंत कुठलं येतंय, ताई!" पाण्याच्या बाटलीलाही छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले होते. दादाने मुकाट्याने सारे पैसे मोजले.

परतल्यावर मी या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला. बाटलीबाबतची आमची समजूत चुकीची होती. बसण्याची जागा आणि सेवा पुरवणारी हॉटेले छापील किमतीहून जास्त दर लावू शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिलेला आहे. परंतु सेवा शुल्काची गोष्ट निराळी. ते बिलात आपोआप लावू नये, ते देणे न देणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्च २०२५ मध्ये उचलून धरली. एक खोली दाखवून दुसरी देणे, हा तर सरळ दिशाभुलीचा प्रकार. १९८६ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची सोय दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार सांगता येते.

म्हणजे कायदा होता, फोन होता, भाषाही आपलीच होती. नव्हते ते फक्त आमचे तोंड! असे का व्हावे? कोणी म्हणेल, 'ऐपत नसताना अशा ठिकाणी जावेच कशाला?' मला हा प्रश्नच मान्य नाही. दादाने रात्रपाळ्या करून मिळवलेली नोट इतरांच्या नोटेपेक्षा लहान नव्हती. पण 'ही जागा आपली नव्हे' ही भावना आमच्या मनात इतकी खोल रुजलेली आहे, की पैसे मोजूनही आम्ही उपकार घेतल्यासारखे वागतो. आपल्याला कोणी हसेल, या भीतीने आम्ही गप्प बसतो आणि आमच्या गप्प बसण्यावरच अशा ठिकाणांचा फायदा चालतो.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कित्येकजण घरातले पहिलेच शिकणारे आहेत. दवाखान्यात, बँकेत, तहसील कचेरीत आपले आईवडील आपल्यालाच पुढे करतात. त्या वेळी आपली पदवी फक्त मान हलवणार असेल, तर ती घेऊन करायचे काय? वाढणाऱ्या मुलावर डाफरणे म्हणजे जाब विचारणे नव्हे. तो आपल्यातलाच आहे. जाब विचारायचा तो काउंटरवर, शांतपणे, कागदावर आणि आपल्या भाषेत.

मी त्या रिसॉर्टला मराठीत पत्र पाठवले आहे. अजून उत्तर नाही. महिनाभर वाट पाहून मी साताऱ्याला जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज देणार आहे. बोनसचे पैसे परत मिळतील की नाही, ठाऊक नाही. पण अर्जावर आबांची सही घेताना त्यांनी विचारले, "आपल्यासारख्यांचं ऐकत्यात व्हय?" या प्रश्नाचे उत्तर मला त्यांना द्यायचे आहे.

— द्वितीय वर्ष, कला