लाल दगड, पांढरा धातू

आपल्याकडची जुनी माणसे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणतात. नाव जर्मनचे असले, तरी ज्या लालसर दगडातून हा धातू मिळतो, त्या बॉक्साइटचे जगातील सर्वांत मोठे साठे पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशात आहेत. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातही बॉक्साइट सापडते. पण गिनीपुढे ते मूठभरच!

गिनी १९५८ मध्ये फ्रान्सच्या सत्तेतून मुक्त झाला. १९७३ पासून सांगारेदीच्या खाणींतील बॉक्साइट आगगाडीने कामसार बंदरात येते आणि जहाजांतून परदेशी जाते. आज त्याचा सर्वांत मोठा ग्राहक चीन आहे. चार-पाच टन बॉक्साइटपासून अल्युमिना नावाची पांढरी भुकटी दोन टन मिळते आणि तिच्यापासून एक टन धातू. प्रत्येक पायरीवर किंमत वाढत जाते. गिनी मात्र बहुतेक माल पहिल्याच पायरीवर विकतो. कापूस विकावा आणि कापड विकत आणावे, तसाच हा व्यवहार. मला तो पटत नाही.

यावर काहीजण निर्यातबंदीचा उपाय सांगतात. इंडोनेशियाने २०२० मध्ये निकेलच्या खनिजाची निर्यात थांबवली आणि तेथे कारखाने वाढले, हे खरे. पण एक किलो अ‍ॅल्युमिनियमला सुमारे १४ युनिट वीज लागते. गिनीत नद्या पुष्कळ आहेत (नायजर तेथेच उगम पावते), तरी वीज घरोघरी पोहोचलेली नाही. अल्युमिना बनवायला वीज बरीच कमी लागते. म्हणून सुरुवात तेथून करावी.

असा कारखाना फ्रिया येथे १९६० मध्येच निघाला होता. आफ्रिकेतील तो पहिला. गावाचे पाणी आणि वीजही कारखान्याचीच. २०१२ मध्ये संप झाला, कारखाना बंद पडला आणि २०१८ पर्यंत उघडला नाही. पगार गेले, त्याबरोबर नळ आणि दिवेही गेले! कारखाने हवेत, पण गावाचे पाणी कारखान्याच्या हाती नसावे.

बोके भागातील शेतकऱ्यांची तक्रार आणखी वेगळी आहे. जमिनी गेल्या, पाणी आटले, घरांवर लाल धूळ बसते. करार करताना सरकार रॉयल्टीचा आकडा बारकाईने पाहते. तसाच या पाण्याचाही हिशोब मागावा. खाण सुरू होण्यापूर्वी विहिरीला किती हातांवर पाणी होते, हे लिहून ठेवायला फारसा खर्च येत नाही.