विश्लेषण : रोजच्या छोट्या गाडीला बाहेरून टर्बो बसवावा का?

आठवडाभर सुकापूर ते पनवेलचं ट्रॅफिक, रविवारी खंडाळ्याचा घाट. घाटात गाडी दमली की टर्बो किटचे रील्स खुणावतात. पण रोजच्या गाडीसाठी ते भरवशाचं आहे का?

टर्बो काय करतो?
इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरून तो इंजिनात जास्त हवा दाबतो. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो, तोही इंजिन ऑइलच्या जोरावर.

बाहेरून बसवला तर?
साध्या इंजिनाचे पिस्टन, कूलिंग आणि ईसीयू या दाबासाठी बनवलेले नसतात. नॉकिंग होऊन इंजिनच कामातून जाऊ शकतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचा क्लेमही अडकू शकतो.

मग पर्याय काय?
कंपनीतूनच टर्बो असलेली गाडी. उदाहरणार्थ, मारुती फ्रॉन्क्स १.० किंवा टाटा नेक्सॉन १.२ पेट्रोल. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

काळजी काय घ्याल?
कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल, तेही वेळेवर बदला. घाट चढून थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा.